डिमेन्शिया टाळायला मासोळी: बांगडा-तारली की तळ्यातली रोहू?

आहार_वरुड

"म्हातारपणी विसर पडू नये म्हणून मासोळी खा" हा निरोप सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून माणूस आठवडी बाजारात जातो आणि रोहूचे चार तुकडे जास्तीचे घेऊन येतो. रोहू चांगलीच आहे, पण ज्या कारणासाठी ती आणली ते तिच्यात फार थोडं आहे. पैसा योग्य ठिकाणी लागावा म्हणून हा धागा काढते आहे.

मेंदूच्या पेशींच्या पडद्यात डीएचए नावाचं ओमेगा-3 (एक प्रकारचं स्निग्ध आम्ल) मोठ्या प्रमाणात असतं. आपलं शरीर ते स्वतः फारच कमी तयार करतं. मासोळीसुद्धा बहुतेक तयार करत नाही. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ ते बनवतं, शेवाळ खाणारे बारीक जीव ते साठवतात आणि त्यांना खाणाऱ्या समुद्री मासोळीच्या तेलात ते उतरतं. त्यामुळे दोन गोष्टी पाहायच्या: मासोळीच्या अंगात तेल किती, आणि ते तेल कोणत्या खाण्यातून आलं.

100 ग्रॅम मांसामागे डीएचए आणि ईपीए (मासोळीच्या तेलातलं दुसरं ओमेगा-3) मिळून साधारण असं धरा:

तारली (पेडवे): 1 ते 2 ग्रॅम, हंगामाप्रमाणे
बांगडा: अर्धा ते 1 ग्रॅम, कधी त्याहून जास्त
रोहू, कतला, मृगळ: 0.1 ते 0.2 ग्रॅमच्या आसपास
मरळ, बोंबील: कमीच, कारण अंगात तेलच कमी

पापलेट आणि सुरमई महाग आहेत म्हणून मेंदूला जास्त गुणाच्या, असं नाही. या कामासाठी बाजारातली सगळ्यात स्वस्त समुद्री मासोळीच सगळ्यात कामाची आहे.

प्रमाण: आठवड्यातून दोनदा, दर खेपेला माणशी शिजलेलं 100 ग्रॅमच्या आसपास. किलोत पाच-सहा बांगडे बसतात. डोकं, पोट, काटा गेला की किलोमागे 550 ते 600 ग्रॅम मांस उरतं. म्हणजे माणशी एक बांगडा, हिशोब सोपा. रोज खायची गरज नाही. महिनाभर काही नाही आणि मग एकदम दोन किलो, याचा मात्र उपयोग नाही.

मामातलाव_साकोली

ताई, तळ्याच्या मासोळीला एकदम खाली नका बसवू. आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, ढीवर (मासेमार) बांधवांच्या संस्था आहेत, मासोळी ताजी आणि जिवंत मिळते. प्रथिनं उत्तम, बी-12 आहे, तेलकट नाही म्हणून पचायला हलकी. शेकडो किलोमीटर लांबून आलेल्या शिळ्या बांगड्यापेक्षा सकाळी जाळ्यातून निघालेली रोहू कधीही चांगली.

ओमेगा-3 कमी असण्याचं कारण खाण्यात आहे. शेततळ्यात कतला-रोहूला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची ढेप टाकतात. या खाण्यात ओमेगा-6 भरपूर आणि ओमेगा-3 जवळजवळ नाही. आठ-दहा महिन्यांत वजन येतं, पोटाशी चरबीही येते, पण ती कोंड्या-ढेपेची चरबी. कतलाच्या पोटाचा पिवळा, तुपट भाग पाहून "ही तेलाची मासोळी" असं गिऱ्हाईक समजतं, तिथे गफलत होते. रूपचंद आणि पंगासचंही तेच: अंगात चरबी आहे, पण ती या कामाची नाही. शेणखत टाकून हिरवं केलेल्या पाण्यात नैसर्गिक खाद्यावर वाढलेली मासोळी त्या मानाने बरी, तरी बांगड्याची बरोबरी होत नाही.

थाई मांगूर कुणी स्वस्त म्हणून दिली तर घेऊ नका. तिच्या पालनाला देशात बंदी आहे.

आहार_वरुड

पटलं. तळ्याची मासोळी ताटात राहू द्या, मटणाच्या जागी आली तर फारच छान. आठवड्यात एक वेळ रोहू-मरळ आणि एक वेळ बांगडा-तारली, ही मांडणी आपल्याकडे जमण्यासारखी आहे. फक्त रोहूच्या भरवशावर डीएचएचा हिशोब धरू नका.

वैनगंगा_मत्स्य

बांगडा-तारली घ्यायची तर आधी बर्फाचं समजून घ्या, नाहीतर फायदा राहिला बाजूला आणि दवाखाना मागे लागेल.

विदर्भात समुद्राची मासोळी मुंबईकडून आणि आंध्रच्या किनाऱ्याकडून येते. नागपूरच्या ठोक बाजारातून ती तालुक्याला आणि तिथून आठवडी बाजाराला जाते. गावात पोचेपर्यंत ती दोन-तीन वेळा पेटीतून निघालेली असते. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर असतो आणि मासोळी उघड्या पाटीवर दोन तास पडून असते. बांगडा, तारली, कुपा या मासोळ्यांत हिस्टिडीन नावाचा घटक खूप असतो. थंडावा तुटला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. मासोळीला वासही येत नसेल तरी ते असू शकतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, ओठ-जिभेला झिणझिण्या येतात, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, कधी उलटी-जुलाब. लोक म्हणतात "मला मासोळीची ॲलर्जी आहे" आणि जन्मभर सोडतात. अनेकदा ती ॲलर्जी नसते, बर्फाची चूक असते. दम लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

घेताना पाहायचं ते असं. डोळा वर आलेला, काळाभोर आणि पाणीदार पाहिजे. बसलेला आणि दुधी नको. कल्ला उघडून पाहा: लाल किंवा गुलाबी चालेल, तपकिरी-राखाडी नको. बोटाने दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. तारलीचं पोट मुद्दाम पाहा. तिच्या पोटातलं खाणं आणि पाचकरस आतूनच पोट खातात, म्हणून ती शिळी झाली की पहिले पोट फुटतं. फुटक्या पोटाची तारली पाच रुपये किलो दिली तरी घेऊ नये. कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खी मासोळी घ्या, समोर साफ करून घ्या.

मासोळीला अजिबात वास नाही, माशी बसत नाही, अंग रबरासारखं ताठ आणि डोळा मात्र बसलेला, असं असेल तर फॉर्मॅलिनची (मासोळी ताजी दिसावी म्हणून लावलेल्या घातक रसायनाची) शंका घ्यायला हरकत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची चाचणी काढलेली आहे. पट्टी मासोळीवर घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, रंग पाहायचा. गावातल्या संस्थेने किंवा बचत गटाने एक किट आणून ठेवलं तर सगळ्या बाजाराचं भलं होईल.

बुलढाणा_शिवार

गावापासून बाजार 20-25 किलोमीटर आहे. दुपारच्या उन्हात मोटरसायकलवर पिशवीत आणली तर चालेल का? आणि कोणत्या महिन्यात घ्यावी?

वैनगंगा_मत्स्य

पिशवीत नाही चालणार. थर्माकोलची लहान पेटी घ्या, किलो मासोळीला किलोभर बर्फ. खाली बर्फ, वर मासोळी, पुन्हा बर्फ, असे थर. मोठे खडे नकोत, चुरा पाहिजे, कारण खडा मासोळीला सगळीकडून टेकत नाही. वितळलेलं पाणी साचू देऊ नका, पेटीला खाली एक बारीक भोक ठेवा. मासोळी त्या पाण्यात तरंगत राहिली तर अंग पांढरं पडतं, चवही जाते. घरी आल्यावर "आधी चहा घेऊ" असं नको, आधी मासोळी साफ करा. त्याच दिवशी रांधायची नसेल तर साफ करून, पुसून, हवा काढलेल्या पिशवीत डीप फ्रीजरला. उणे 18 अंशाला बांगडा-तारली दोन-तीन महिने टिकते. त्यापुढे गोठलेली असली तरी तिचं तेल खवट होतं. आपल्याकडे वीज सहा-सहा तास जाते, त्यामुळे घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर महिनाभराचा भरवसा ठेवू नका, आठवड्यात संपवा. एकदा सुटलेली मासोळी परत गोठवायची नाही.

महिन्यांचं असं: पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलै. म्हणजे भर उन्हाळ्यापासून पोळ्याच्या आधीपर्यंत जी "ताजी" समुद्री मासोळी मिळते ती बहुतेक गोठवलेली किंवा जुनी. त्याच काळात ऊनही जास्त. तेव्हा समुद्री मासोळी सोडा, तळ्याची खा. तारली पावसाळ्यानंतर भरते, ऑक्टोबर ते डिसेंबर तिच्या अंगात तेल सगळ्यात जास्त असतं. एकाच मासोळीत उन्हाळ्यात जेमतेम आणि दिवाळीत त्याच्या कितीतरी पट, इतका फरक पडतो. आपल्याकडे थंडीही तेव्हाच सुरू होते, बर्फ टिकतो. तारली खायची तर दसरा ते संक्रांत.

चूल_तवा_गोंदिया

रांधण्याबद्दल लिहिते, कारण इथेच सगळं हातचं जातं.

आपल्याकडची सवय म्हणजे मासोळीला तिखट-मीठ लावून बेसनात घोळवायची आणि कढईभर सोयाबीन तेलात तळायची. तळताना मासोळीतलं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं तेल मासोळीत शिरतं. सोयाबीन तेलात अर्ध्याहून जास्त ओमेगा-6 असतं. म्हणजे ज्यासाठी बांगडा आणला तेच कढईत सोडून आलो. त्यात कालचं तेल परत तापवलं असेल तर अजून वाईट.

सावजी पद्धतीचा रस्सा चवीला तोडच नाही, पण वर बोटभर तर्री असते. बांगड्याचं तेल त्या तर्रीत मिसळतं. तर्री बाजूला काढली तर तेही जातं, आणि सगळी प्यायली तर पाव वाटी वनस्पती तेल पोटात. म्हणून फोडणीला मुळातच तेल कमी घ्या आणि रस्सा पूर्ण खा.

चार बांगड्यांचा रस्सा: बांगड्याचे कल्ले आणि पोट काढा. पोटाच्या आत पाठीच्या काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. उग्र वास बराचसा तिचाच असतो, लोक मात्र त्यासाठी चार पाण्यात मासोळी धूत बसतात. कातडी काढू नका, तिच्या खालीच तेल असतं. हळद, अर्धा चमचा मीठ, लिंबाचा रस लावून 15 मिनिटं ठेवा, जास्त नको, नाहीतर आंबटाने मांस सुटतं. दोन कांदे विस्तवावर भाजून, दोन चमचे सुकं खोबरं भाजून, आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, थोडा सांबार (कोथिंबीर), असं वाटा. गंजात (पातेल्यात) दोन चमचे तेल, वाटण परतून तिखट टाका, मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि दोन-अडीच वाट्या पाणी. आणखी अर्धा चमचा मीठ पुरे. हा रस्सा आधी दहा मिनिटं उकळू द्या. मसाला कच्चा असताना मासोळी टाकली तर मसाला शिजेपर्यंत मासोळीचा चोथा होतो. रस्सा तयार झाला की आच कमी करा, बांगडे सोडा, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटं. सराटा (उलथणं) घालून ढवळायचं नाही, गंजाचे कान धरून हलवायचं. काट्याजवळचं मांस पांढरं झालं आणि काट्यापासून सुटलं की उतरवा.

चिंचेऐवजी अंबाडीची भाजी टाकली तर आणखी चांगलं. मूठभर पानं आधी वाफवून घ्यायची, चिंच सोडायची.

पानात भाजायची असेल तर बांगड्याला दोन्हीकडून तीन-तीन चिरा द्या, हिरवी मिरची-लसूण-सांबाराचं वाटण भरा, केळीच्या किंवा भिजवलेल्या पळसाच्या पानात गुंडाळा. तवा, मंद आच, वर झाकण, एका बाजूने सहा-सात मिनिटं. तेल थेंबभरही लागत नाही, मासोळीचंच सुटतं आणि पानात राहतं.

तारलीला काटे बारीक, म्हणून आपल्याकडे लोक टाळतात. त्यावर उपाय कुकर. अर्धा किलो तारली, डोकं-पोट काढून. अर्धी वाटी चिंचेचा दाट कोळ, दीड वाटी पाणी, हळद, तिखट, लसूण. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग अगदी मंद आचेवर अर्धा तास. वाफ आपोआप जाऊ द्या. आंबट आणि दाब यांनी काटा इतका मऊ होतो की बोटाने चुरडतो. तो काटा खायचा, त्यात कॅल्शियम आहे. भाकरीबरोबर कुस्करून खायला हे सगळ्यात सोपं.

बुलढाणा_शिवार

आणि सुकट? जवळा, सुके बोंबील तर बारा महिने मिळतात, बर्फही नको.

आहार_वरुड

प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. पण ओमेगा-3 साठी नाही. उन्हात, हवेत वाळताना हेच तेल सगळ्यात आधी खराब होतं, आणि बोंबलात ते मुळातच कमी. दुसरी अडचण मिठाची. खारवलेल्या मासोळीने बीपी वाढत असेल तर मेंदूचं नुकसानच. खायची तर कोमट पाण्यात 15-20 मिनिटं भिजवून, दोनदा पाणी बदलून, आणि भाजीत वरून मीठ न टाकता.

डॉ_ग्रामीण_यवतमाळ

धागा चांगला चालला आहे. पुरावा काय सांगतो ते मांडतो, कारण "मासोळी खाल्ली की डिमेन्शिया होत नाही" असं समजून कुणी बीपीची गोळी सोडू नये.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात 1997 साली पहिल्यांदा मासोळी खाणाऱ्यांत डिमेन्शिया कमी दिसला. शिकागोत 2003 साली 815 वृद्धांच्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी मासोळी खाणाऱ्यांत अल्झायमरचा (डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा) धोका 60 टक्के कमी आढळला. अमेरिकेतल्या 2005 च्या दुसऱ्या पाहणीत तेलकट, भाजलेली-उकडलेली मासोळी खाणाऱ्यांना फायदा दिसला आणि तळलेली, बिनतेलाची मासोळी खाणाऱ्यांना दिसला नाही. गोंदियाच्या ताई तव्या-कढईबद्दल सांगतात ते याच्याशी जुळतं. अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅममध्ये 2006 साली ज्यांच्या रक्तात डीएचए सर्वाधिक होतं त्यांच्यात डिमेन्शिया 47 टक्के कमी निघाला.

हे सगळं निरीक्षण आहे. मासोळी खाणारा माणूस बाकीही बऱ्याच बाबतींत वेगळा असू शकतो: शिकलेला, फिरणारा, कमी तळलेलं खाणारा. म्हणून गोळ्या देऊन प्रयोग झाले, तेव्हा चित्र बदललं. 2010 साली अमेरिकेत अल्झायमर झालेल्या 402 रुग्णांना 18 महिने रोज 2 ग्रॅम डीएचए किंवा खोटी गोळी दिली, बिघाडाचा वेग दोन्हीकडे सारखाच. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या 1680 लोकांवर तीन वर्षं प्रयोग झाला, निकाल 2017 साली आला, तिथेही कॅप्सूलचा ठोस फायदा दिसला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अल्झायमरमधला बिघाड लक्षणांच्या 15-20 वर्षं आधी सुरू होतो. सत्तरीत कॅप्सूल सुरू करून तो मागे फिरवता येत नाही. चाळिशी-पन्नाशीपासून ताटात बांगडा असणं आणि झालेल्या आजारावर तेलाची गोळी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला आधार आहे, हृदयासाठी तर चांगलाच आहे. दुसऱ्यावर पैसा घालवू नका.

माळकरी_दारव्हा

गळ्यात माळ आहे, मासोळी वर्ज्य. जवस खाल्लं तर तेच मिळतं असं ऐकलं. खरं काय?

जवस_करडई_वर्धा

तेच मिळत नाही, पण बरंच मिळतं. जवसाच्या तेलात जवळजवळ निम्मं एएलए असतं, तेही ओमेगा-3 च. शरीर त्यातून ईपीए थोडंफार बनवतं, डीएचए मात्र फारच कमी, शेकडा एखाद-दुसरा भाग. म्हणून जवस हा मासोळीचा पूर्ण पर्याय नाही, तरी विदर्भातल्या माळकऱ्याच्या ताटात त्याच्याइतकं ओमेगा-3 देणारं दुसरं धान्य-गळित नाही.

रोज एक मोठा चमचा पूड, म्हणजे सात ग्रॅम, यात दीड ग्रॅमच्या वर एएलए येतं. दोन चमच्यांपर्यंत जायला हरकत नाही, पाणी मात्र भरपूर प्या. अख्खं जवस खाऊ नका, ते जसंच्या तसं बाहेर पडतं. मंद आचेवर कढईत भाजा, तडतड सुरू झाली की मिनिटभरात उतरवा. काळपट झालं म्हणजे तेल जळलं. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक थोडे असतात, भाजल्याने ते कमी होतात, त्यामुळे भाजण्याची पायरी सोडू नका. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा आणि मिक्सर थांबत-थांबत चालवा, नाहीतर गोळा होतो. एका वेळी आठ दिवसांचंच दळा. अख्खा दाणा वर्षभर टिकतो, पूड मात्र आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागते. घट्ट झाकणाची बरणी, अंधारात. चटणीत लसूण, तिखट, मीठ चालेल, मीठ बेताचं.

जवसाचं तेल फोडणीला घेऊ नका, ते तापमान सहन करत नाही. ताटातल्या गरम खिचडीवर, भाकरी-ठेच्यावर कच्चंच एक चमचा. घाण्यावरून ताजं, लहान बाटलीत घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: रंगाच्या दुकानात मिळणारं "अलसीचं तेल" खायचं नाही. उकळलेल्या प्रकारात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात.

बाकी घरात सूर्यफूल आणि सोयाबीन तेलाचा मारा चालू असेल तर जवसाचा परिणाम आणखी कमी होतो, कारण ओमेगा-6 आणि ओमेगा-3 यांना शरीरात तीच यंत्रणा वापरावी लागते. महिन्याचं तेल माणशी अर्ध्या किलोवर आणलं तर तिथेही फायदा आहे.

आहार_वरुड

माळकऱ्यांसाठी आणखी एक: शेवाळापासून काढलेलं डीएचए कॅप्सूलमध्ये मिळतं. मासोळी जिथून घेते तिथूनच थेट. महाग आहे, पण धर्माला बाध नाही. मात्र कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आहे का ते वाचा.

डॉ_ग्रामीण_यवतमाळ

माळकऱ्यांसाठी डीएचएच्या आधी बी-12 पाहा, असं मी म्हणेन. बी-12 कमी झालं की विसर पडतो, चालताना तोल जातो, हातपाय झिणझिणतात, आणि घरचे म्हणतात "वयच झालं." हे वेळेत सापडलं तर सुधारतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर मांसाहारी माणसातही ते कमी होतं. ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात बी जीवनसत्त्वांनी मेंदूची झीज कमी झाली ती मुख्यतः ज्यांच्या रक्तात ओमेगा-3 पुरेसं होतं त्यांच्यात. म्हणजे दोन्ही जोडीने लागतात, आणि बांगड्यात दोन्ही आहेत.

सेवा_शुश्रूषा_अचलपूर

कॅप्सूलवर 1000 मिग्रॅ लिहिलेलं असतं, ते किती धरायचं? आणि ज्यांना डिमेन्शिया झालेलाच आहे त्यांना मासोळी द्यायची कशी? काट्याची भीती असते, घासही तोंडात धरून ठेवतात.

आहार_वरुड

1000 हा तेलाचा आकडा. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिलिग्रॅम. डबीच्या मागे बारीक अक्षरात असतं. एका मध्यम बांगड्यात अशा दोन-तीन कॅप्सूलचा ऐवज सहज असतो, वर प्रथिनं. कॉड लिव्हर ऑईल वेगळं. त्यात अ जीवनसत्त्व बरंच असतं, चमच्यावर चमचे घेऊ नयेत.

भरवण्याबद्दल: रोहू-कतलाच्या मांसात दुफाटे बारीक काटे विखुरलेले असतात, ते डोळ्याने सगळे सापडत नाहीत. डिमेन्शियाच्या माणसाला ती देऊ नका. मरळ चालेल, तिच्यात ते दुफाटे काटे नसतात. बांगडा शिजला की मधला काटा एका ओढीत निघतो, मग पोटाकडच्या बाजूचे काटे बोटाने चाचपून काढा. कुस्करताना चमच्याने नाही, बोटांनी कुस्करा, काटा बोटालाच कळतो. कुकरची तारली तर सरळ चुरडून मऊ भातात. कोरडं देऊ नका, रस्सा घालून ओलसर गोळा. माणूस पाठ टेकून ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, घास अर्धा चमचा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवताना ठसका लागत असेल, आवाज ओलसर होत असेल तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न श्वासनलिकेत गेलं की निमोनिया होतो.

डॉ_ग्रामीण_यवतमाळ

पथ्याचं थोडक्यात. गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) असेल तर तारली जपून, तिच्यात युरिक ॲसिड वाढवणारं प्युरीन जास्त. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना आठवड्यात दोनदा मासोळी खाल्ली तर अडचण नाही, ओमेगा-3 च्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नाहीत. मोठ्या डोसने काहींमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला दिसला आहे. पाऱ्याची भीती बांगडा-तारलीत नाही, त्या लहान आणि कमी वयाच्या मासोळ्या. पारा साठतो तो मुशीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी मासोळीत. गरोदर बाईने मुशी टाळावी.

मासोळीबाहेरचं एक सांगणं भाग आहे. 2023 साली आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, आणि खेड्यात प्रमाण शहरापेक्षा जास्त. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्यासारखी 14 कारणं दिली आहेत, त्यांचा वाटा मिळून 45 टक्के. त्या यादीत बीपी, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणं, दिसू कमी येणं, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, एकटेपणा आहेत. मासोळी नाही. मोतीबिंदू काढायचा राहिलाय, कानाचं यंत्र घेतलेलं नाही, मोटरसायकलवर हेल्मेट नाही, आणि खर्च फिश ऑईलच्या डबीवर, असं होऊ देऊ नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर, मग बी-12 आणि थायरॉईड, मग बांगडा.

बुलढाणा_शिवार

आमच्या बाजारात मासोळीवाला फक्त रोहू-कतला आणि कधी सुरमई आणतो. बांगडा मागितला तर म्हणतो खपत नाही.

वैनगंगा_मत्स्य

एकट्याने मागून आणणार नाही, कारण अर्धी पेटी पडून राहिली तर त्याचं नुकसान. आठ-दहा घरं मिळून आधीच्या बाजाराला सांगा, निम्मे पैसे द्या, आठ-दहा किलो सांगा. "अख्खी, न कापलेली, बर्फातली" असं स्पष्ट सांगा आणि बाजार भरल्या-भरल्या सकाळी उचला, दुपारपर्यंत पाटीवर राहू देऊ नका. बांगडा नाहीच मिळाला तर तालुक्याच्या दुकानात तारलीचा डबा मिळतो. मिठाच्या पाण्यातला किंवा टोमॅटोतला घ्या. तेलातला घेतला तर डब्यातलं तेल ओतून देताना मासोळीचं थोडं तेलही जातं. मिठाच्या पाण्यातला असेल तर पाणी काढून टाका आणि भाजीत मीठ घालू नका. फुगलेला, चेपलेला, गंजलेला डबा घेऊ नका. उघडला की उरलेलं काचेच्या भांड्यात काढून फ्रीजला आणि दुसऱ्या दिवशी संपवा. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत बाजारच्या बांगड्यापेक्षा हा डबाच बरा.